अंगणातले गवत किती दिवसांनी कापावे?

मिरगाचा पाऊस सुरू झाला की रत्नागिरीत आठवडाभरात जांभ्या दगडावरही हिरवळ दिसू लागते. गडग्याच्या फटीतून, विहिरीच्या कठड्याजवळून, मोरीच्या कडेने, जिथे चिमूटभर माती असेल तिथून गवत वर येते. पूर्वी त्याची कुणी फारशी फिकीर करत नसे. गोठ्यात एखादे जनावर असे, दारात चार बकऱ्या असत आणि विळा घेऊन वैरण कापणारी माणसे घरातच असत. आता बरेच गोठे रिकामे झाले आहेत. घरातले कर्ते पुरुष मुंबईला, आखातात किंवा जहाजावर असतात. ज्यांनी नवे घर बांधले, त्यांच्यापैकी अनेकांनी समोरच्या बाजूला नर्सरीतून आणून लॉन लावले आहे. त्यामुळे आपल्या आजीला कधी न पडलेला प्रश्न आज घराघरांत विचारला जातो : हे गवत किती दिवसांनी कापायचे?

नर्सरीवाला सांगतो, दर पंधरा दिवसांनी कापा. मशीनवाला सांगतो, महिन्यातून एकदा बोलवा. दुबईहून फोनवर फोटो पाहणारा मुलगा म्हणतो, अम्मी, फार वाढलंय, उद्याच कापून घे. तिघेही दिवस मोजून उत्तर देतात. गवताला मात्र दिवस कळत नाहीत. त्याला पाऊस, ऊन आणि खत कळते. म्हणून पहिली गोष्ट ही की गवत कॅलेंडर पाहून कापू नये, उंची पाहून कापावे.

तिसरा हिस्सा

नियम सोपा आहे. एका वेळी गवताच्या उंचीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त कापायचे नाही. लॉन दोन इंचांवर ठेवायचे असेल तर ते तीन इंच झाले की वरचा एक इंच काढायचा. तीन इंच व्हायला पाच दिवस लागले तर पाच दिवसांनी, महिना लागला तर महिन्याने.

यामागचे कारण शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातलेच आहे. पान हे झाडाचे स्वयंपाकघर. सूर्यप्रकाशात अन्न तिथे तयार होते आणि मुळांपर्यंत जाते. स्वयंपाकघर अर्ध्याहून अधिक पाडले तर घर उपाशी राहणारच. अमेरिकेच्या कृषी खात्यातील फ्रँकलिन क्रायडर यांनी निरनिराळ्या गवतांवर प्रयोग करून १९५५ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. एका वेळी पानांचा निम्मा किंवा त्याहून अधिक भाग कापला तर मुळांची वाढ काही दिवस थांबते, आणि जितके जास्त कापावे तितके हे थांबणे लांबते, असे त्यांना आढळले. थोडेच कापले तर मुळांना फारसे कळतही नाही.

आपल्याकडे ही गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. रत्नागिरीत बऱ्याच घरांचे आवार म्हणजे कातळ. त्यावर बाहेरून आणलेली चार-सहा इंच माती टाकून लॉन लावलेले असते. मुळांना खाली जायला जागाच थोडी. अशा जागी एकदम जमिनीलगत कापले की दोन उन्हात गवत पिवळे पडते, मधे मधे टक्कल दिसू लागते आणि त्या मोकळ्या जागेत लव्हाळा घुसतो. मग आपण म्हणतो, लॉन खराब निघाले. लॉन चांगले असते, कापणी खोल झालेली असते. मशीनवाला जमिनीलगत कापतो, कारण ‘साफ’ दिसले की मालक खूश होतो आणि महिनाभर पुन्हा बोलवावे लागत नाही. त्याला आधीच सांगावे : भाऊ, दोन इंच ठेवा.

हे मोजायला कुठलेही उपकरण लागत नाही. मुलांच्या कंपासपेटीतली पंधरा सेंटिमीटरची पट्टी पुरे. पाच सेंटिमीटर म्हणजे जवळपास दोन इंच, साडेसात म्हणजे तीन. घरात पाचवी-सहावीतले मूल असेल तर हे काम त्यालाच द्यावे. दर शुक्रवारी लॉनच्या चार कोपऱ्यांत आणि मध्यभागी पट्टी उभी धरायची, पाच आकडे लिहायचे आणि सरासरी काढायची. सरासरी, आलेख आणि ऋतू असे तीन धडे घरच्या अंगणात होतात. आणि कापायची वेळ झाली की नाही, हे ठरवायला दुबईला फोटो पाठवावा लागत नाही.

रत्नागिरीचे बारा महिने

तरीही ढोबळ अंदाज हवा असतोच. आपल्या जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. गवताचे वेळापत्रक त्यावरच बेतलेले असते.

जूनच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत हरळीच्या जातीचे लॉन, म्हणजे नर्सरीत ‘सिलेक्शन वन’ वगैरे नावाने मिळते ते, पाच ते आठ दिवसांत इंचभर वाढते. म्हणजे आठवड्यातून एकदा कापणी. ‘मेक्सिकन’ नावाने मिळणारे बारीक पानांचे दाट गवत हळू वाढते. त्याला दोन-तीन आठवडे चालतात. अडचण अशी की जुलैत आठ-आठ दिवस पाऊस उसंत देत नाही. ओल्या गवतावर मशीन चालवले तर पाती कापली न जाता फाटतात, गवताचे लगदे जमिनीवर बसतात आणि त्याखालचे लॉन कुजते. म्हणून उघडिपीची वाट पाहावी. पाऊस थांबून दोन-चार तास वारा लागला की दुपारनंतर कापावे.

वाट पाहता पाहता गवत सहा इंच झाले तर? घाबरून एकदम दोन इंचांवर आणू नये. आधी चार इंचांवर आणावे, चार-पाच दिवसांनी तीनवर, मग दोनवर. दोन फेऱ्यांची मजुरी जास्त लागेल, पण लॉन वाचेल.

सप्टेंबरअखेर पाऊस ओसरला की वाढ मंदावते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दहा ते पंधरा दिवसांनी कापणी पुरते. थंडीत, डिसेंबर-जानेवारीत, तीन-चार आठवड्यांनी. फेब्रुवारीपासून वाढ होते ती आपण घातलेल्या पाण्यामुळे. पाणी नाही तर कापणीही नाही. उन्हाळ्यात गवत तीन इंचांपर्यंत राहू द्यावे. उंच पात्यांची सावली मातीवर पडते आणि ओल टिकते.

खताचेही असेच. जूनमध्ये युरिया टाकण्याचा मोह अनेकांना होतो. मुसळधार पावसात तो धुऊन उतारावरच्या विहिरीकडे जातो आणि जो राहतो तो गवताला इतके वाढवतो की आठवड्याला दोनदा कापणी करावी लागते. पैसे देऊन काम वाढवण्याचाच हा प्रकार. पाऊस ओसरताना चाळलेले शेणखत किंवा गांडूळ खत एकदा पसरले तर ते पुरते.

कापलेले गवत फेकू नये. थोडे थोडे कापले असेल तर लॉनवरच राहू द्यावे, चार दिवसांत मातीत मिसळते. जास्त असेल तर माडाच्या आळ्यात, केळीच्या बुंध्याशी किंवा आंब्याच्या कलमाखाली पसरावे. ते खत होते आणि पुढे उन्हाळ्यात आळ्यातली ओल धरते. बकऱ्या असतील तर प्रश्नच नाही. बकरी ईदच्या आधी महिना-दोन महिने दारात बांधलेला बकरा हा आपल्याकडचा सर्वांत जुना गवत कापणारा. फक्त त्या गवतावर तणनाशक मारलेले नाही, याची खात्री असावी.

तणनाशकाबद्दल दोन शब्द. कापायचा कंटाळा म्हणून बाटली आणून फवारणी करणारे वाढले आहेत. ग्लायफोसेटचा वापर प्रशिक्षित कीडनियंत्रण चालकांमार्फतच व्हावा, अशी अधिसूचना केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये काढली. आपल्या आवारात विहीर आहे, लहान मुले अनवाणी खेळतात, कोंबड्या टोचत फिरतात. तिथे ही बाटली नकोच. तण उपटायला पावसाळ्यातली भुसभुशीत माती हाच उत्तम काळ. लव्हाळा मात्र खालच्या गाठीसकट काढावा, नाहीतर तो पुन्हा येतो.

लॉनबाहेरचे आवार

लॉन असते दोन-चारशे चौरस फूट. त्याच्या पलीकडे कलमे, माड, गडगा आणि रान यांचे मोठे आवार असते. तिथल्या गवताला लॉनचे नियम लावू नयेत. दर आठवड्याला सगळे आवार तासून काढणे हा खर्चही आहे आणि नुकसानही. पावसाचा मार झेलून माती जागेवर धरून ठेवणारे हेच गवत असते. उतारावरचे गवत जुलैत मुळासकट काढले तर माती पऱ्ह्यात जाते.

तरीही तीन जागा कमी उंचीच्या ठेवाव्यात : घराभोवतीचा पाच-सहा फुटांचा पट्टा, विहीर आणि न्हाणीकडे जाणारी वाट, आणि मुले खेळतात ती जागा. याचे कारण सौंदर्य नव्हे. आपला जिल्हा फुरशांसाठी जुना प्रसिद्ध आहे. ब्रिटिश काळात फुरसे मारणाऱ्याला सरकार बक्षीस देत असे, इतकी त्यांची संख्या आणि दहशत होती. फुरसे लहान असते, बहुधा दोन फुटांच्या आत, मातीच्या रंगाचे, आणि दिवसा दगडाखाली, गडग्यात किंवा गवताच्या बुंध्याशी पडून राहते. रात्री ते बाहेर फिरते. कापलेल्या गवताचा ढीग भिंतीला लावून ठेवणे म्हणजे त्याला घर बांधून देणे. ढीग त्याच दिवशी हलवावा. गवतात हात घालण्याआधी काठी फिरवावी, पायात गमबूट असावेत, आणि संध्याकाळनंतर बॅटरीशिवाय वाटेवर पाऊल टाकू नये.

दंश झालाच तर घट्ट आवळून बांधणे, चिरा देणे, तोंडाने विष ओढणे, झाडपाला लावणे यात वेळ घालवू नये. माणसाला शांत ठेवावे, चावा घेतलेला हात किंवा पाय हलू देऊ नये आणि ताबडतोब सरकारी रुग्णालय गाठावे. आपल्याकडे मिळणारी सर्पदंशाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर चालते. कोणता साप होता ते शोधत बसण्याची गरज नसते.

या बाहेरच्या गवताची कापणी वर्षातून दोन-तीनदा पुरते. एक ऑगस्टमध्ये, वाटा मोकळ्या करण्यासाठी. दुसरी आणि महत्त्वाची सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये, कुसळे पिकण्याआधी. उशीर झाला की कुसळे लुंग्या-सलवारींना, मुलांच्या मोज्यांना टोचत घरात येतात आणि बी सगळीकडे पसरते. तिसरी जानेवारीत, गडग्याच्या कडेने. फेब्रुवारी ते एप्रिल हे वणव्याचे महिने. सड्यावरून आलेली आग वाळल्या गवतातून कलमांच्या बागेत शिरते आणि पंधरा-वीस वर्षांची मेहनत तासाभरात जाते. गडग्यालगत दहा फुटांचा पट्टा साफ असेल तर आगीला पुढे जायला वाट मिळत नाही. साफ करताना मात्र जाळून साफ करू नये. अनेक वणव्यांची सुरुवात अशाच ‘थोड्याशा’ आगीने होते.

मशीन चालू असताना

खांद्यावर अडकवायचे ग्रास कटर आता गावोगाव आले आहे. विळ्याने दिवसभर चालणारे काम ते तासा-दोन तासांत करते, पण आपल्या जमिनीत जांभ्याची खडी असते. फिरत्या पात्याला लागलेला खडा गोळीसारखा सुटतो. चालवणाऱ्याच्या डोळ्यांवर जाळी किंवा चष्मा हवा, पायात बूट हवेत, आणि आजूबाजूला पंधरा मीटरपर्यंत, म्हणजे सुमारे पन्नास फूट, कुणीही नको. मुले मशीन पाहायला धावतात. त्यांना घरात ठेवावे, खिडक्या लावून घ्याव्यात, उभी गाडी हलवावी. भिंतीजवळ आणि फरशीच्या कडेला लोखंडी पात्याऐवजी नायलॉनची दोरी लावायला सांगावी. विजेवर चालणारे लॉन मशीन ओल्या जमिनीवर कधीही चालवू नये. मशीनवाला गरीब घरचा पोरगा असतो, चष्मा परवडत नाही म्हणून तसाच उभा राहतो. एक चष्मा घरात घेऊन ठेवावा. त्याचे डोळे ही त्या तासापुरती आपली जबाबदारी आहे.

उन्हाळ्याचा हिशेब

आता मुख्य गोष्ट. लॉन ही कल्पना आली इंग्लंडमधून. तिथे पाऊस बारा महिने थोडा थोडा पडतो, त्यामुळे गवत आपोआप हिरवे राहते आणि ते कापणे एवढेच काम उरते. गवत कापायचे यंत्रही तिथलेच. १८३० मध्ये एडविन बडिंग याने ते बनवले, तेही कापडाचे वरचे तंतू कातरून सारखे करणाऱ्या गिरणीतल्या यंत्रावरून. आपल्या मोगल बागा तशा नव्हत्या. त्यांत फळझाडे होती, फुले होती, वाहते पाट होते आणि सावली होती. ताजमहालासमोर आज दिसणारी सपाट हिरवळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लॉर्ड कर्झनच्या काळात आली. उन्हाच्या देशात माणसाला बसायला सावली हवी असते, हे ती बाग आखणाऱ्यांना ठाऊक होते.

कोकणात पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि जांभा दगड त्याला धरून ठेवत नाही. एप्रिल-मेमध्ये विहिरी तळाला जातात, वाड्या-वाड्यांत टँकरची वाट पाहिली जाते, आणि शहरातही शीळ धरणात किती पाणी उरले याची चर्चा सुरू होते. नेमके याच महिन्यांत लॉन सर्वांत जास्त पाणी मागते.

हा हिशेब मी वर्गात गणित म्हणून घालते. कडक उन्हाळ्यात लॉनला दर चौरस मीटरला रोज चार ते पाच लिटर पाणी लागते. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. पाच लिटरने गुणले तर रोजचे ५०० लिटर. मार्च, एप्रिल, मे मिळून ९२ दिवस. म्हणजे ४६,००० लिटर, दहा हजार लिटरचे साडेचार टँकर. आता दुसरा आकडा. जल जीवन मिशनमध्ये गावातल्या माणसाला रोज ५५ लिटर पाणी मिळावे, असे प्रमाण ठरवलेले आहे. ५०० भागिले ५५ केले की उत्तर येते नऊ. एक गुंठा लॉन रोज नऊ माणसांचे पाणी पिते. हा आकडा फळ्यावर आला की वर्ग शांत होतो. ज्या मुली सकाळी दोन हंडे भरून मग शाळेत येतात, त्यांना तो समजावून सांगावा लागत नाही.

वाहत्या नदीच्या काठावर वुजू करतानाही पाण्याचा इसराफ करू नये, ही शिकवण आपण मुलांना देतो. मग शेजारच्या घरात टँकरचे पाणी मोजून वापरले जात असताना आपल्या बोअरवेलचे पाणी गवतावर सोडताना विचार व्हायलाच हवा. बोअरवेल आपल्या आवारात असली तरी जमिनीखालचे पाणी गडग्यापाशी थांबत नाही.

हरळीची एक खुबी अशा वेळी उपयोगी पडते. पाणी तोडले तर ती वरून वाळते, तपकिरी होते, पण जमिनीखालच्या काड्या जिवंत राहतात. पहिल्या पावसानंतर आठ-पंधरा दिवसांत ती पुन्हा हिरवी होते. तीन महिने तपकिरी दिसणाऱ्या अंगणाची लाज वाटायचे कारण नाही. मे महिन्यात सडाही तपकिरीच असतो आणि आपल्याला तो सुंदर वाटतो. ईदला किंवा लग्नाला आखातातून माणसे येणार, अंगण हिरवे दिसावे, ही हौस समजू शकते. त्यासाठी कुंड्यांतली फुले आणि आंब्याची सावली पुरे.

किती लॉन पुरे?

ज्यांनी अजून लॉन लावलेले नाही, त्यांनी एक आकडा काढून पाहावा. घरात पाच माणसे, पाच वेळची वुजू, दर खेपेस दोन लिटर धरले तर रोज ५० लिटर पाणी होते. त्यात साबण नसतो. न्हाणीजवळ वुजूसाठी वेगळी जागा करून ते पाणी पाइपने बाहेर काढले तर दहा फूट बाय दहा फुटांचे लॉन त्यावर भर उन्हाळ्यातही हिरवे राहते. एक टँकर लागत नाही, विहिरीला हात लागत नाही. एवढ्या जागेवर संध्याकाळी एक चटई पसरते, नानी बसते, नातवंडे भोवती लोळतात. कापायला मशीनवाला बोलवावा लागत नाही. हाताच्या कात्रीने अर्ध्या तासात काम होते आणि तेही मुलेच करतात. बाकीच्या जागेत माड, केळी, जास्वंद आणि एखादे कलम लावावे, जे पावसाळ्यात गवताला दाबते आणि उन्हाळ्यात सावली देते.

ज्यांचे मोठे लॉन आधीच आहे, त्यांनी ते उखडण्याची गरज नाही. दाराजवळचा एक चौकोन राखावा आणि बाकीचे उन्हाळ्यात झोपू द्यावे. परगावाहून फोन करणाऱ्यांनीही प्रश्न थोडा बदलावा. गवत कापले का, असे विचारण्याआधी ते किती इंच झाले हे विचारावे, आणि एप्रिल-मेमध्ये विहिरीत पाणी किती हात उरले हे विचारावे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कमी आले की त्या महिन्यात पहिला विचारायची गरज उरत नाही.